आडवे न होणारे मासे

मत्स्यबीज केंद्राची किल्ली जावईबापूंच्या हाती द्यायची की नाही, हे त्या दिवशी पिल्लं ठरवणार होती. पिल्लं म्हणजे चपट्या माशांची, नखाएवढी. ही जात जन्मते चारचौघांसारखीच. डोळा इकडे एक, तिकडे एक. पण वयात येताना एक डोळा डोक्यावरून चालत पलीकडे जातो, दोघं एका बाजूला नांदू लागतात आणि मासा तळाशी आडवा होतो तो जन्मभराचा. माणसांत याला स्थिरस्थावर होणं म्हणतात.

मालक म्हणजे सासरे. त्यांनी शब्द दिला होता, ही खेप गिऱ्हाइकाने उचलली की किल्ली जावयाची. झालं! जावयाने स्वतःच्या डोक्याने नवं खाद्य बनवलं. जुन्या खाद्यातली समुद्री शेवाळाची पूड त्याने काढून टाकली, कारण तिने टाकीची काच हिरवी व्हायची आणि गिऱ्हाइकाला काच लखलखीत लागते.

"अहो, आयोडीन त्या शेवाळातूनच मिळतं त्यांना," बायकोने सांगून पाहिलं. ती हाच विषय शिकलेली, टाक्याही तीच सांभाळायची. "ते नसेल तर थायरॉइडचं संप्रेरक बनत नाही. अंगाने वाढतील, वयात येणार नाहीत."

"वजन बघ, वजन! तुझ्या मागच्या पिल्लांच्या दीडपट. जळतेस होय गं?"

वजन खरंच होतं. काचही आरशासारखी होती. त्यामुळे गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला सगळं स्वच्छ दिसलं. गलेलठ्ठ पिल्लं उभीच्या उभी पोहत होती, डोळा इकडे एक, तिकडे एक.

"वय झालं ना यांचं?" गिऱ्हाइकाने विचारलं. "मग अजून आडवी कशी नाहीत?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाची जीभ मात्र शाबूत होती.

"साहेब, ही सुधारित जात. आडवा मासा तळ अडवतो, उभा मासा जागा वाचवतो. शिवाय दोन्हीकडे लक्ष ठेवतो!"

गिऱ्हाईक चक्क विचारात पडलं. सासरे मुलीकडे वळले. "काही करता येईल?"

"शेवाळ आजपासूनच सुरू करते. थोडी वळतील. बाकीची नुसती खात राहतील."

गिऱ्हाइकाने खेप नाकारली. जाताना जावयाचा नंबर मात्र मागून घेतला.

सासऱ्यांनी किल्ली काढून मुलीच्या तळहातावर ठेवली. मग जावयाला म्हणाले, "तुम्ही उद्यापासून विक्री बघा. इतक्या सरळ चेहऱ्याने असं बोलणं आमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं."

जावयाने तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, विक्रीप्रमुख झालो!"

"अगंबाई, कमाल केलीत हो! आणि किल्ली?"

"किल्ली होय? ती हिच्याकडे सांभाळायला दिलीय."