शेजारचा ब्रेक

आमच्या बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्यासाठी. बाबांचं अख्खं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं. मी त्याच गाडीवर शिकले, आणि अजूनही मी किल्ली उचलली की बाबा चपला घालतात.

मला रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायची होती. नवशिक्यांना घेणाऱ्या शाळा दोनच, आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. पहिल्या शाळेत गाडीत आपण एकटेच. प्रशिक्षक बाहेरून कानात बोलतो. मला तीच आवडली. बाबांनी गाडीत डोकं घातलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "शेजारी ब्रेक नाही. चल."

"बाबा, रेसमध्ये शेजारी कोण बसणार आहे?"

"रेसचं रेसमध्ये बघू. आधी धड शिक तर."

आईनेही त्यांचीच री ओढली. मी धुसफुसले, आदळआपट केली आणि शेवटी नेहमीसारखं नमतं घेतलं. दुसऱ्या शाळेत प्रशिक्षिका शेजारी बसायची, ब्रेकसकट. प्रवेशाआधीचा सराव इतका झकास झाला की मी घरी नुसती मिरवत होते.

निवड चाचणीच्या दिवशी ती म्हणाली, "आज मी हात-पाय बांधून बसणार." सरळ रस्त्यावर मी सुसाट होते. मग वळण अंगावर आलं आणि मी घाबरले. घाबरल्यावर मी आजवर जे करत आले तेच केलं, म्हणजे काहीच नाही. शेजारून ब्रेक लागायची वाट बघत बसले. नाइलाजाने तिने दाबला, तोवर गाडी ट्रॅक सोडून खडीत घुसली होती.

"सरावातही अवघड वळणांवर मीच दाबत होते," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "वाटलं, आज तरी तुम्ही दाबाल."

"सवय जाईल ना माझी?"

"जाईल हो. पण यंदा नाही घेता येणार तुम्हाला."

यंदा नाही म्हणजे कधीच नाही. मला तिथेच मातीत फतकल मारून रडावंसं वाटलं.

कुंपणापाशी बाबा घामाघूम उभे होते. त्यांनी माझा हात धरला. "ब्रेक होता म्हणून वाचलीस," ते म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

त्यांना काय सांगणार? "हो," म्हटलं, आणि परत जाताना गाडी त्यांनाच चालवायला दिली.