वाघाटीचे डोळे

धसईच्या वरच्या अंगाच्या वाडीतून अंधार पडताच माणसं रानात निघायची. कुणाच्या खांद्यावर म्हातारी, कुणाच्या कडेवर पोर. कुठूनसे आलेले कान्हामहाराज सांगत, कातळावर देवीची वाघाटी येते. रानमांजराची जात, दिसायला घरच्या मांजराएवढी, पण डोळ्यांत देवीचं तेज. ते ज्याच्यावर पडेल त्याचं दुखणं जातं. मात्र कुणाच्या पोटात औषध असेल, तर ती येत नाही. अट महाराजांच्या मोठ्या सोयीची होती. वाघाटी नाही आली, की कुणीतरी गोळी खाल्लेलीच निघायची.

बाळीची पोर रोशनी तापाने फणफणली होती, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. उपकेंद्रातल्या नर्सबाई वंदना दोनदा सांगून गेल्या, हिला मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला हवं. बाळी ऐकेना. त्या संध्याकाळी तिने पोरीला उचलून रानात नेलं, तेव्हा वंदनाबाईंनी खालच्या रस्त्यावर रुग्णवाहिका बोलावली आणि त्याही मागोमाग चढल्या.

रात्र सरता सरेना. पाचोळा वाजला की सगळे ताठ होत, मग काहीच नसे. वंदनाबाई पोरीच्या ओठांना पाणी लावत, नाडी बघत, पुन्हा रस्त्याकडे बघत. बाळीला किती वेळा विनवलं. ती म्हणे, थोडं थांबा. मध्येच वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास आला. रानात बोंबील कुठून, हे बाईंना कळेना.

अखेर कातळावर काहीतरी हललं. महाराजांनी बॅटरी मारली. दोन हिरवट ठिणग्या चमकल्या आणि माणसांनी जमिनीला डोकी टेकली.

"बघा देवीचं तेज," महाराज म्हणाले. "आता औषधाचं नाव काढू नका."

वंदनाबाई बाळीच्या कानाशी वाकल्या. "तेज देवीचं असंल, तर अंधारात जास्तच दिसंल. बॅटरीवर हात धर."

महाराजांनी दटावलं, तसं केलं तर पोर हातची जाईल. बाळी थबकली. मांडीवर रोशनी कण्हली. बाळीने महाराजांच्या हातातल्या बॅटरीवर पंजा दाबला.

ठिणग्या विझल्या.

तिने हात काढला. पुन्हा पेटल्या. पुन्हा झाकला, पुन्हा विझल्या.

माणसं उठून कातळाकडे गेली. वाघाटी बिचारी पसार झाली. मागे उरली बोंबलांची डोकी. दिवस मावळायच्या आधीच महाराजांनी ती पसरली होती.

बाळी पोरीला घेऊन उतारावरून रुग्णवाहिकेकडे पळत सुटली होती. वाटेतल्या गोठ्यात वंदनाबाईंनी मोबाइलचा उजेड टाकला. शेळ्यांचे डोळे तसेच चमकले. "पुष्कळ जनावरांच्या डोळ्यांत मागं आरशासारखा पडदा असतो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आपलाच उजेड परत फिरतो गो."

रोशनीला कावीळ होती. बरेच दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. आता कुणी नव्या महाराजाचं नाव काढलं, की बाळी एवढंच म्हणते, "जो तपासू देत नाय, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका."