काचेच्या बुडाची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझ्या बुडाला काच आहे, म्हणून एके काळी माझा तोरा काही औरच होता. इतर होड्या माणसांना पलीकडे नेत. मी त्यांना समुद्राचा तळ दाखवत असे, तोही पाय न भिजवता. ठरलेल्या जागी आलो की नावाडी वल्ही थांबवून म्हणायचा, "आता वाका." लोक वाकायचे आणि खडकांमधले रंगीत मासे बघून बोलायचंच विसरायचे.

मग परक्या समुद्रातलं एक शेवाळ आमच्या किनाऱ्याला आलं. कुठल्याशा जहाजाला चिकटून आलं म्हणतात. हिरवंगार, दिसायला देखणं. पण इथले मासे काही त्याला तोंड लावीनात. बघता बघता सगळे खडक झाकले गेले. मासे निघून गेले आणि त्यांच्या पाठोपाठ माझी माणसंही.

नावाडी हट्टाला पेटला. दाताळं घेऊन तो रोज शेवाळ ओरबाडायचा आणि उपटलेलं तिथंच पाण्यात सोडून द्यायचा. तुटलेले तुकडे वाहत जाऊन जिथं टेकले तिथं नव्यानं रुजले. आपणच ते पसरवतोय हे कळल्यावर बिचाऱ्यानं दाताळं ठेवून दिलं.

शेवटी त्यानं डोंगरापलीकडच्या स्वच्छ किनाऱ्यावर धंदा हलवायचं ठरवलं. मी मनातून हरखले. पण निघायच्या वेळी त्याच्या बायकोनं माझ्या फटीत बोट घालून एक हिरवा धागा बाहेर काढला.

"हेही नेणार तिकडे?" तिनं विचारलं.

त्यानं तो धागा बोटांत धरून पाहिला. मग म्हणाला, "चल, हात लाव. हिला वर ओढून ठेवू. वाळू दे चांगली."

उन्हात माझ्यातलं शेवाळ मेलं, पण माझ्या फळ्याही तडकल्या. आता मी पाण्यात तरंगायची नाही. नावाडी दुसऱ्याच्या होडीवर कामाला जातो. डोंगरापलीकडचा तळ अजून स्वच्छ आहे, असं तो बायकोला सांगत होता. ऐकून बरं वाटलं. तरी लाटा जवळ आल्या की मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना नांगर, दोर, जाळी नीट धुऊन वाळवून न्या. माझ्यासाठी एवढं करा.

संध्याकाळी घरी जाताना नावाडी माझ्यापाशी थांबतो. आत वाकून सदऱ्याच्या बाहीनं काच पुसतो. खाली नुसती वाळू आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.