बिअर कोमट करणारी नळी

मी एक जुनी नळी आहे. पितळेची, हाताच्या बोटाएवढी जाड, आतून पोकळ. वर फिरकीचे झाकण आणि झाकणाला एक वाकडा आकडा. मला तिरके धरलेत तर पोटावर एक खड्डा दिसेल. तो कसा पडला ते पुढे सांगेन.

माझे काम सांगितले तर तुम्ही हसाल, मित्रांनो. सगळेच हसतात. माझ्या पोटात कढत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि बिअरने भरलेल्या पेल्यात मला आकड्याने अडकवून ठेवायचे. थोड्या वेळात थंडगार बिअर कोमट होते. तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांना या पेयाची चव ठाऊक नसेल, आणि नसलेलीच बरी. पण जगात गार दूध न आवडणारी माणसे असतात, तशी गार बिअर न आवडणारीही असतात. फार थोडी असतात. त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

मला एका बोहेमियन तांबटाने घडवले. आम्ही बाराजणी एका खोक्यातून निघालो आणि वेगवेगळ्या गावांना गेलो. मी डोंगराळ मुलखातल्या एका लहान गावी, ‘दोन मासे’ नावाच्या बिअरघरात आले. सुरुवातीला मला खूप मान होता. हिवाळ्यात म्हातारे लोक मला आळीपाळीने मागून घेत. मग ते म्हातारे एकेक करून गेले, आणि नव्या लोकांना सगळे गारच हवे झाले. शेवटी मला मागणारा एकच माणूस उरला. त्याचे नाव व्हेंडेलिन कुबाट.

कुबाट भट्ट्या बांधणारा गवंडी होता. गावातल्या अर्ध्या घरांतल्या चिनीमातीच्या फरश्यांच्या ऊबभट्ट्या त्याच्या हातच्या. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. दर शुक्रवारी संध्याकाळी तो खिडकीजवळच्या टेबलाशी यायचा, तिथे आधीच बसलेल्या मंडळींना “मोकळं आहे का?” असे विचारायचा आणि मगच बसायचा. खुर्ची त्याचीच होती, वर्षानुवर्षांची. तरी विचारायचा. आमच्याकडे न विचारता बसणे म्हणजे चिखलाच्या बुटांनी कुणाच्या पलंगावर चढणे.

आत स्वयंपाकघरातून ब्लाझेना मला घेऊन यायची. ती बिअरघर चालवणाऱ्या ओटमारची बायको. मी तिच्या फडक्यात गुंडाळलेली, वाफाळलेली.

“घ्या कुबाटराव, तुमची बायको आणली,” ती म्हणायची.

“जपून आणा. फार तापट आहे,” कुबाट म्हणायचा.

ओटमार झ्लामाल नळापाशी उभा राहून हे बघायचा आणि तोंड वाकडे करायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण बिअर हा त्याचा धर्म होता. पेला गार पाण्याने विसळलेला हवा, फेस तीन बोटे जाड आणि साईसारखा हवा, उरलेल्या बिअरवर ताजी बिअर ओतायची नाही, नळाकडे बघून ओरडायचे नाही. गिऱ्हाइकाने पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती आपल्यापुढे ठेवून गप्प बसावे, बिअर आपल्या पायांनी येते. पहाटे उठून तो तळघरात पिंपांना हात लावून बघायचा. इतक्या जपणुकीने गार ठेवलेली बिअर कोणी त्याच्या डोळ्यांदेखत कोमट करायचा, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

“अरे, ही बिअर आहे, आजारी माणसाची पेज नाही,” तो कुबाटला म्हणायचा.

“गारठ्याने जीभ झोपते रे,” कुबाट उत्तर द्यायचा. “तुझी बिअर इतकी चांगली आहे, म्हणून तर जागेपणी प्यावीशी वाटते. वाईट असती तर बर्फ घालून घेतली असती.”

टेबलावरचे सगळे हसायचे. पोस्टमन चेन्येक तर डोळे पुसायचा. कुबाटही हसायचा. ते हसणे वेगळे होते, मित्रांनो. त्यात त्याच्यासाठी जागा होती.

एकदा ब्लाझेना त्याला हळूच म्हणाली, “कुबाटराव, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा ना. घसा नाजूक आहे म्हणा. मग कोणी काही बोलणार नाही.”

“पण माझा घसा ठणठणीत आहे.”

“असू दे हो. म्हणायला काय जातं?”

कुबाटने जरा विचार केला. “मला अशीच आवडते, ब्लाझेना. आवडीला आजारपण कशाला लावायचं?”

माझ्या आयुष्यात मी खूप गोष्टी ऐकल्या, पण याहून सरळ वाक्य ऐकले नाही. याच वाक्याने त्याचा घात केला.

त्या वर्षी बिअर बनवणाऱ्या कारखान्याकडून तीन पाहुणे येणार होते. जिल्ह्यातली सगळ्यात चांगली ओतलेली बिअर कुणाची, हे ते ठरवणार होते. ज्याची निवड होईल त्याला पितळी पाटी मिळणार होती. ओटमार दोन आठवडे धड झोपला नाही. त्याने नळ उकळत्या पाण्याने धुतले, पेले मिठाने घासले, पडदे बदलले. पाहुणे आले तो नेमका शुक्रवार निघाला.

ब्लाझेनाने मला नेहमीसारखे भरले. कदाचित तिने त्या दिवशी भरायला नको होते. पण शुक्रवार होता आणि कुबाट आला होता.

पाहुण्यांनी बिअर चाखली, फेस उजेडाकडे धरून बघितला, माना डोलावल्या. ओटमारच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळत चालला होता. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका जाड मिशीवाल्याची नजर खिडकीकडे गेली.

“ते काय आहे हो त्या पेल्यात?” त्याने विचारले.

ओटमार पटकन म्हणाला, “काही नाही साहेब. आमच्या कुबाटचा घसा खराब असतो. डॉक्टरांनी गार बंद केलंय.”

त्याने मित्राला वाचवायचा प्रयत्न केला, हे मी आजही त्याच्या बाजूने सांगते. कुबाटने नुसती मान हलवली असती तर सगळे तिथेच संपले असते. पण त्याला वाटले, आपल्याला विचारले आहे, तर उत्तर द्यावे.

“माझा घसा ठणठणीत आहे,” तो नम्रपणे म्हणाला. “मला कोमट आवडते.”

मिशीवाला आधी थक्क झाला, मग खदखदून हसला. “मग त्यात शेवया टाकून सूपच करा की! थोडी अजमोदाही भुरभुरा!”

ओटमार लालबुंद झाला. एका क्षणात त्याला दोन्ही दिसले असणार, पितळी पाटी आणि मित्राचा चेहरा. तो ताडताड चालत टेबलाकडे आला, त्याने मला आकड्याला धरून पेल्यातून उचलले आणि सगळ्यांना दिसेल असे उंच धरले. माझ्यावरून बिअर टपकत होती.

“हे बघा मंडळी!” तो ओरडला. “माझ्या बिअरला देतात ते इंजेक्शन!”

सगळ्या बिअरघरात हशा फुटला. टेबले बडवली गेली. ओटमारच्या हाताला चटका बसला, मी त्याच्या बोटांतून सुटले आणि फरशीवर आपटले. माझ्या पोटावरचा खड्डा तेव्हाचा. मी टणटण करत घरंगळले, त्यावर लोक आणखी हसले.

मी खालून बघत होते. कुबाट ओटमारकडे बघतच नव्हता. तो आपल्या टेबलाकडे बघत होता. तिथे चेन्येक डोक्याला हात लावून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ज्यांच्या घरातल्या भट्ट्या कुबाटने बांधल्या होत्या तेही हसत होते. कुणाच्याही मनात विष नव्हते. सगळे हसत होते म्हणून सगळे हसत होते.

कुबाटने आपल्यापुढची पुठ्ठ्याची चकती उचलली आणि भरलेल्या पेल्यावर झाकण घालावे तशी ठेवली. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो: आता मला नको. मग त्याने टोपी घेतली.

“बसा मंडळी,” तो म्हणाला आणि गेला.

भरलेला पेला सोडून उठणे आमच्या गावात शिवीपेक्षा मोठे असते. पण हसण्याच्या गोंगाटात ते फक्त ब्लाझेनाने पाहिले.

ओटमारला पाटी मिळाली. ती नळाच्या वर लागली.

पुढच्या शुक्रवारी कुबाट आला नाही. ब्लाझेनाने मला भरून त्याच्या जागेसमोर ठेवले. माझ्या पोटातले पाणी निवत गेले, आणि निवलेल्या पाण्याचे ओझे फार असते, मित्रांनो. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

“आज सूपवाला नाही का?” चेन्येकने विचारले.

“येईल,” ओटमार म्हणाला. “रुसलाय जरा.”

आत स्वयंपाकघरात ब्लाझेना त्याला म्हणाली, “चार घरं सोडून राहतो तो. जा की.”

“मी जाऊ? गिऱ्हाइकाच्या दारात?”

“तो गिऱ्हाईक आहे होय रे तुझा?”

ओटमार पिंपे बघायला तळघरात उतरला. असे करत सगळा हिवाळा गेला. बर्फ वितळायला लागला, तेव्हा एका दुपारी त्याने मला फडताळातून काढून खिशात टाकले, झाकणाच्या किटलीत बिअर भरली आणि तो निघाला.

कुबाटने दार उघडले. तो जरा बारीक झाला होता.

“ये. पाय पूस,” तो म्हणाला.

ओटमारने स्वतः चुलीवर पाणी ठेवले. इतक्या वर्षांत त्याने मला कधी भरले नव्हते. बोटे भाजून घेतली, पाणी सांडले, झाकण वाकडे बसवले. शेवटी पेला कुबाटपुढे ठेवला. कुबाटने घोट घेतला.

“तुझी बिअर चांगलीच असते,” तो म्हणाला.

“माझं चुकलं, व्हेंडा.”

“हं.”

“अजून राग आहे?”

“राग असता तर कधीच आलो असतो. चार शिव्या हासडल्या असत्या तुला, झालं असतं,” कुबाट म्हणाला. “मला लाज वाटते रे. आता तिथे बसून पेला पुढे ओढला की मला ते हसणं ऐकू येईल. कोणी हसलं नाही तरी येईल.”

ओटमार टेबलावरची रेघ नखाने कोरत बसला. मग त्याला एक युक्ती सुचली आणि त्याचा चेहरा खुलला. “मी काय म्हणतो, सुरुवातीचे काही दिवस थंडच घे. चारचौघांत. लोक विसरले की मग हळूहळू…”

तो बोलता बोलता थांबला. कुबाट हसला होता. लहान मुलाने चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने दिले की शिक्षक हसतात तसे.

“किटली घेऊन जा, धुवून देतो,” कुबाट म्हणाला. “नळी राहू दे.”

दोघांनी दारात हात मिळवले. तेवढेच.

तेव्हापासून मी कुबाटच्या घरी राहिले. तो बाटलीतली बिअर आणायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी मला भरायचा. टेबलावर पुठ्ठ्याची चकती मांडायचा. अंगात स्वच्छ सदरा असायचा, दाढी केलेली असायची. आमच्याकडे पहिल्या घोटाआधी पेल्याला पेला भिडवतात आणि भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावेच लागते, नाहीतर ते असभ्य समजतात. कुबाट माझ्या आकड्यावर पेला हलकेच टेकवायचा, “तब्येतीला!” म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याच्या नजरेला नजर द्यायला मला डोळे नव्हते. कुठल्याही वस्तूने आपल्या मालकाला एवढे कमी देऊ नये.

तो पुढे बरीच वर्षे जगला. वाटेत चेन्येक भेटला की दोघे हवापाण्याच्या गोष्टी करत. भांडण कुणाशीच नव्हते. म्हणूनच ते मिटलेही नाही.

एका शरद ऋतूत तो झोपेतच गेला. त्याची भाची झ्दिस्लावा शहरातून आली. दफनानंतर मंडळी रीतीप्रमाणे ‘दोन मासे’त जमली. मामाच्या टेबलावर सापडलेली वस्तू म्हणून तिने मला सोबत आणले होते.

“हे काय आहे हो?” तिने विचारले.

चेन्येकने मला ओळखले आणि त्याचा म्हातारा चेहरा प्रेमाने फुलला. “अगं, याची तर मोठी गंमत आहे!” त्याने सगळी हकिगत सांगितली. शेवया, अजमोदा, इंजेक्शन, माझे टणटण घरंगळणे. काही सुटले नाही. “काय हसलो होतो त्या दिवशी! तसा दिवस पुन्हा आला नाही. देवमाणूस होता व्हेंडेलिन.”

टेबल पुन्हा हसले. झ्दिस्लावाही हसली. मामाची आठवण लोकांनी एवढी जपली, याचे तिला बरे वाटले.

“त्या दिवसानंतर तो इथे आला नाही,” नळापाशी उभा असलेला ओटमार म्हणाला.

“तब्येत बरी नसायची ना त्याची,” चेन्येक म्हणाला.

“तब्येत बरी होती.”

हसणे कुठेतरी अडकले. चेन्येकने इकडेतिकडे बघितले. “मग सांगायचं ना त्यानं! एका शब्दानं सांगायचं!”

ब्लाझेना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. “काय सांगायचं होतं त्यानं?” तिने विचारले.

चेन्येकने हातातला पेला खाली ठेवला. पोस्टमन म्हणून त्याने उभ्या गावाला बातम्या पोचवल्या होत्या. ही त्याला इतक्या वर्षांनी पोचली.

ब्लाझेनाने मला आत नेले, भरून आणले. ओटमारने पेला विसळला, तीन बोटे फेस ठेवून बिअर ओतली, मला त्यात अडकवले आणि पेला खिडकीजवळच्या खुर्चीपुढे ठेवला. मंडळी निघताना त्या खुर्चीकडे न बघता टोपी घालत होती. सगळे गेल्यावर ओटमारने तो पेला उचलला. पिणार असे मला वाटले. त्याने तो तोंडापर्यंत नेलाही. मग मोरीत ओतला आणि पाण्याची धार कितीतरी वेळ चालू ठेवली.

आता मी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते. मला कोणी मागत नाही. तुम्ही मला घासूनपुसून चकचकीत करावे अशी माझी इच्छा नाही, मित्रांनो, माझा खड्डाही तसाच राहू द्या. तुमच्या टेबलाशी कधी कोणी असा बसेल, ज्याला भलतेच काही आवडते आणि जो त्यासाठी खोटे कारण सांगत नाही. सगळे हसायला लागतील. तेव्हा एवढेच करा. तुम्ही हसू नका. त्याच्या टेबलाशी एकजण जरी त्या दिवशी हसला नसता, तरी कुबाटने पेल्यावरची चकती काढली असती.