मी चाळीस मेंदू अडवले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने सॉफ्टवेअर आहे. यंत्राने काढलेली मेंदूची चित्रे नावे देऊन लावून ठेवायची, तपासायची आणि दूरच्या संशोधकांना पाठवायची, हे माझे काम. पाठवण्यापूर्वी रुग्णाचे नाव आणि चेहरा मी पुसून टाकते. मेंदू शिकायला सगळ्यांचा, चेहरा ज्याचा त्याचा.

माझा प्रोग्राम एका चिडक्या मुलीने लिहिला. तिच्या प्रयोगशाळेत फायलींची नावे 'शेवटचे', 'खरेच शेवटचे' आणि 'आता हेच घ्या' अशी होती. एवढी शिकलीसवरलेली माणसे, पण स्वयंपाकघरातल्या डब्यांना असते तेवढीही शिस्त नाही. मी तयार झाले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती दुसरीकडे गेली आणि चार वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. नवे बनवणाऱ्याला शाबासकी मिळते. जुने सांभाळणाऱ्याला कोण कुत्रे विचारते?

मग मला सांभाळले ते त्याच प्रयोगशाळेतल्या एका संशोधक ताईने. पक्षाघाताने वाचा गेलेल्या दोनशे रुग्णांची चित्रे तिने सहा वर्षांत जमवली होती. ती दुसऱ्या संस्थेला पाठवायची शेवटची तारीख आली, आणि नेमकी त्याच दिवशी मी चाळीस चित्रे अडवली.

कारण सांगते. चित्र काढताना तंत्रज्ञ काका रुग्णाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला तेल भरलेली छोटी गोळी चिकटवतात. चित्रात तिचा पांढरा ठिपका दिसतो आणि उजवी बाजू कळते. या चाळिसांत ठिपका डावीकडे होता.

"ती तपासणीच बंद करून टाक," प्रयोगशाळेचे प्रमुख सर ताईला म्हणाले. "आज गेलं नाही तर ते आपल्याला वगळतील. सहा वर्षं पाण्यात."

"काकांनीच गोळी चुकीच्या बाजूला लावली असेल," ताई पुटपुटली.

"अगं बाई, वीस वर्षं लावतोय," काका म्हणाले. "माझं डावं-उजवं अजून शाबूत आहे. रुग्णाच्या घरी विचार की."

ताईने एका घरी फोन लावला. आजींनी उचलला.

"आजी, आजोबांचा कुठला हात हलत नाही?"

"उजवा गं. जेवण मीच भरवते. डाव्यातला रिमोट मात्र सुटत नाही."

उजवा हात लुळा, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. चित्रात ती उजवीकडे दिसत होती. नवे यंत्र आल्यावर चित्रे त्यातून संगणकावर उतरवून घेताना कोणीतरी एक सेटिंग बदलले होते आणि ते कुठेही लिहून ठेवले नव्हते. चाळीस डोकी आरशात पाहावीत तशी उलटली होती.

ताईने मूळ फायलींतून ती चाळीसही पुन्हा उतरवली. मी तपासली, चेहरे पुसले आणि संध्याकाळी सहाला सगळी पाठवली. सरांनी माफी मागितली नाही. मोठी माणसे मागत नसतात. काकांना चहा मात्र स्वतः आणून दिला.

आज तीन संस्था त्या चित्रांवरून, गेलेली वाचा परत कशी येते ते शोधत आहेत. मी सुखात आहे. मित्रांनो, माझी स्तुती नको. काही बदललेत तर तारीख घालून लिहून ठेवा. मी अडले तर खुशाल शिव्या द्या, पण माझे तोंड बंद करण्याआधी का अडले ते बघा. त्या चित्रामागे कोणाचे तरी जिवंत डोके असते.