मागचा जिना

दादाला आज स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्याच्या सभागृहाचं उद्घाटन होतं. दारावरच्या पाटीवर 'जास्तीत जास्त ३२० माणसं' असं लिहिलेलं आणि आत तीनशे वीसच्या तीनशे वीस खुर्च्या भरलेल्या. पाटीवरचा आकडा माझा होता.

मी अग्निशमन खात्यात इमारती तपासते. किती माणसं बसतील याच्याशी मला देणंघेणं नसतं. आग लागली तर किती जण वेळेत बाहेर पडतील, तेवढंच मी मोजते. इथे पुढच्या दारातून एकशे साठ, मागच्या दारातून एकशे साठ.

कार्यक्रमाला दहा मिनिटं होती. आत उकडत होतं म्हणून मी मागच्या दाराने जिना उतरले आणि खाली थबकले. वरचं दार दोन पल्ल्यांचं, ऐसपैस. खाली रस्त्यावर उघडणारं दार मात्र एका पल्ल्याचं. पर्समधली टेप काढून लावली. रुंदी बरोबर निम्मी. म्हणजे मागून एकशे साठ नाही, ऐंशीच.

दुसऱ्या कुणाची इमारत असती तर मी शेवटच्या पायरीपर्यंत मोजत गेले असते. "जिन्याला ओला रंग आहे, उतरू नका," असं म्हणणाऱ्या मालकाला तिथेच झापलं असतं. पण तपासणीच्या दिवशी तसं दादा म्हणाला. "खालचं दारही एवढंच आहे गं," म्हणाला आणि मी वरच्या दारावरून आकडा लिहून मोकळी झाले. सख्ख्या भावाच्या इमारतीची तपासणी दुसऱ्यावर सोपवावी, एवढी साधी अक्कल मला नव्हती.

धावत वर आले.

"दादा, ऐंशी माणसं बाहेर काढ. खालचं दार अरुंद आहे."

"वेड लागलंय का तुला? सही कुणाची आहे?"

"माझी. चुकली."

"उद्या बघू ना. एका दिवसात काय होणार आहे?"

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते आणि दर वेळी चिडते. आज चिडले नाही, घाबरले. कारण क्षणभर मला ते पटलं होतं.

मी माईकपाशी गेले. "आकडा मी चुकीचा लिहिला. ऐंशी जणांना बाहेर जावं लागेल." कुणीतरी हसलं. "आम्ही तासभर आधी येऊन बसलोय!" मागून एक बाई ओरडल्या. कुणी जागचं हललं नाही.

पहिल्या रांगेतून आई उठली.

"तू कुठे चाललीस? बस," दादा म्हणाला.

"ऐंशीत मला धरत नाहीस का?" असं विचारून तिने काठी टेकली आणि ती चालू लागली. खुर्च्यांमधून, पायांमधून, एकेक पाऊल टाकत. मी सवयीने घड्याळ पाहिलं. पुढच्या दारापर्यंत पोचायला तिला दोन मिनिटं दहा सेकंद लागली, तेही रस्ता मोकळा असताना, सगळे दिवे लागलेले असताना.

दादाही मनगटाकडेच बघत होता. मग त्याने माझ्या हातून माईक घेतला.

"मागच्या चार रांगा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "कृपा करून उठा. लगेच उठा."