सात हात, पण कुणाचे?

मी गळाची काठी आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे. साखरशेतच्या बंधाऱ्यावर मरळ धरायला मुद्दाम घडवलेली. हे सांगताना मी लाजणार नाही. लाजायचं त्यांनी, ज्या बाजारातून चकचकीत रंग लावून येतात आणि पहिल्याच हिसक्याला कडकन मोडतात.

मरळ म्हणजे पाण्यातली दरोडेखोर. ती कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते आणि वरून उड्या मारणारा बेडूक गट्ट करते. गांडुळाकडे ती बघतसुद्धा नाही. तिच्यासाठी जुन्या चपलेच्या रबराचा बेडूक कापतात, पानांत अडकू नये म्हणून गळ त्याच्या पाठीवर लपवतात आणि त्याला पानांवरून टुणटुण नाचवतात. नाचवायला काठीचा शेंडा लवचीक हवा. पण मरळीनं तोंड मारलं की तिला एका दमात ओढायला बुंधा ताठ हवा. जरा ढिलाई झाली की ती देठांना वेटोळं घालते आणि दोरी तुटते. एका बांबूत हे दोन्ही गुण सापडत नाहीत, म्हणून मी दोन बांबूंची आहे. माझा बुंधा आतून भरीव माणवेलाचा, शेंडा करंगळीएवढ्या बारीक मेसाचा.

मला पांड्यानं घडवलं, त्याच्या बायकोसाठी, गौरासाठी. चुलीवरच्या माळ्यावर त्यानं मला धुरात वाळवलं. निखाऱ्यावर शेकून, गुडघ्याखाली दाबून सरळ केलं. आंब्याचं कलम करतात तसे दोन्ही बांबूंना तिरके छेद देऊन एकमेकांवर बसवलं, मेण लावलेला दोरा करकचून गुंडाळला आणि मोहाच्या बियांचं तेल पाजलं. अशी कांती आली माझ्या अंगावर की नवरीनं हेवा करावा.

खरं तर आमच्या पाड्यावर दुसऱ्यासाठी काठी कुणी बनवत नाही. ज्याची त्यानं बनवायची. गौराही आपली स्वतःच बनवायची. पण भात झोडताना तिचं उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, जोर मात्र परतला नाही. कोयताही धरवेना.

आणि तिच्या जागेचा प्रश्न होता. बंधाऱ्याच्या काठावर एक पसरट धोंडा आहे. त्याच्या पुढ्यात कमळं दाट, आणि कमळांखाली मरळी. त्या धोंड्यावर गौरा बसायची, तिच्याआधी तिची सासू बसायची. पाड्याचा रिवाज असा, की अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आपल्या जागेवरून एकही मासा काढला नाही, तर जागा दुसऱ्याची. शेजारचा सोम्या त्या धोंड्याकडे असा बघायचा, जसं मांजर दुधाकडे.

गौरा पांड्याला म्हणाली होती, "सात हात कर. माझी नेहमीची."

त्यानं सात हात केली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, असा मोजून मोजून.

पहिल्या दिवशी मी मोठ्या दिमाखात धोंड्यावर गेले. पण गौरानं मला बगलेत धरलं आणि माझा बुंधा मागच्या दगडावर आपटला. पुढे शेंडा खाली ओढू लागला. तिच्या मनगटाला तो पेलेना. बेडूक नाचायचा सोडून पानावर फतकल मारून बसला.

पलीकडून सोम्या ओरडला, "काकी, काठी आणलीस का घराचा वासा?"

"वासाच हाय. तुझ्या तोंडावर छप्पर घालायला आणलाय!"

तोंड चाललं, हात चालला नाही. एक मरळ उसळली, बेडूक तोंडात घेऊन पानांत शिरली आणि दोरी तोडून गेली. गौरा मला खांद्यावर टाकून तरातरा निघाली. ती अशी चालली म्हणजे काय, हे पाड्याला ठाऊक आहे. कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या.

घरी येऊन तिनं मला पांड्यापुढे आदळलं.

"ही सात हात हाय?"

"मोजून घे. सात म्हणालीस, सात केली."

गौरा अंगणात बसली आणि आपल्या हातानं मोजू लागली. सात झाले, तरी मी उरलेच. चांगली हातभर उरले.

"आणि ही काय, शेपूट?"

पांड्या गोंधळला. "मी मोजली तवा बरोबर होती."

"कुणाच्या हातानं मोजलीस?"

पांड्याचे हात केवढे लांब! बसल्याजागी शिंक्यातलं मडकं काढतो. त्यानं आपला हात बघितला, मग गौराचा. "काठी तर आपल्याच हातानं मोजतात ना गो?"

"आपली मोजतात. मासा तू ओढणार हायस का?"

दारात उभी असलेली सून, रुपी, पदर तोंडाला लावून हसली. मग गौराही हसली. मला मात्र घाम फुटला, कारण पांड्यानं कोयता उचलला होता.

"शेंडा कापू?"

"मग बेडूक कोण नाचवल, तू?"

"बुंधा कापू?"

"मग मरळ दातांनी ओढ."

"मग कापू तरी कुठं?"

"मधून," गौरा म्हणाली. "सांधा सोड. थोडी वरची काप, थोडी खालची काप, परत बांध."

घडवलेली काठी मधून कापायची! पांड्याचा हात उचलेना. गौरानं डाव्या हातानं मला दाबून धरलं आणि म्हणाली, "चालव." त्यानं चालवला. मी ओरडले नाही, मित्रांनो. कोयत्यापुढे रडायला मी काय एरंड आहे?

अखितीच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा धोंड्यावर गेलो, मागोमाग पांड्याही आला. या वेळी मी तिच्या बगलेत पोटच्या पोरीसारखी बसले. नवा बेडूक पानावरून पानावर गेला, एका फटीत थांबला. पाणी फुगलं. खाडकन आवाज झाला आणि बेडूक दिसेनासा झाला. पांड्या ओरडला, "ओढ!" गौरानं ओढलं नाही. मरळीनं तोंड पक्कं मिटेपर्यंत एक श्वास थांबली, मग मनगटानं नाही, कमरेनं मागे वळली. शेंडा पाण्याला टेकला, बुंधा हलला नाही. मरळ पानं फाडत काठावर येऊन पडली.

सोम्या आला, वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "काकी, धोंडा तुझाच."

"होताच. तू खालच्या अंगाला बस. आणि गप बस, मासे पळतात."

तो बसला. अजून तिथंच बसतो. मधूनमधून त्यालाही मासा लागतो, मग गौरा म्हणते, माझ्याच कमळातून चुकून गेला असणार.

माझं कौतुक झालं. पाड्यावरच्या बायका मला हात लावून बघून गेल्या. पण पाऊसकाळात बंधारा भरला, मला काम उरलं नाही, आणि रुपीनं माझ्यावर ओल्या गोधड्या टाकल्या. पुढे तर कोपऱ्यात उभी करून विसरली. माझ्या पाठीला बाक आला. गौरानं बघितलं तेव्हा सुनेला असं काही बोलली की ते मी इथं सांगत नाही, तुम्ही लहान आहात. पांड्यानं मला पुन्हा निखाऱ्यावर शेकलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल, तर एवढं करा. काम झालं की तिला कोरडी पुसा. तेलाचा हात फिरवा. छपराखाली आडवी टांगून ठेवा, कोपऱ्यात उभी करू नका. उभी राहून राहून आम्ही वाकतो. आणि मी सांगून ठेवते, मला वाकायचं असेल तर समोर मरळ पाहिजे. गोधडीपुढे मी वाकणार नाही.